माय येईपर्यंत

आमच्या देवगाव फाट्यावर शाळा पाचच्या सुमारास सुटते आणि कापूस वेचायला गेलेली माय सातच्या पुढं घरी येते. मधले दोन तास लेकरांना कुणीच नसतं. एक रस्ता जिंतूरला जातो, एक मंठ्यावरून जालन्याला, एक सेलूला. तिन्हीकडची वाहनं इथं येऊन वळतात, थांबतात, हॉर्न देतात. हॉटेलच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत असतो, एसटीची वाट बघणारी माणसं रस्त्यावर पाय टाकून उभी असतात. या सगळ्यातून दुसरी-तिसरीतली पोरं दप्तर उंबऱ्यात फेकून निघतात. एखादी सात वर्षांची पोरगी कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन रस्ता ओलांडते. हे बघत बघत मी छत्तीस वर्षं नोकरी केली आणि रोज पाच वाजता शाळेला कुलूप लावून घरी गेले.

२०२३ साली निवृत्त झाले, तेव्हा घराची पुढची पडवी रिकामी केली. कणग्या मागं हलवल्या, एक जुनी सतरंजी टाकली, माठ ठेवला. रस्त्यापलीकडच्या दोघी मायांना सांगितलं, लेकरं संध्याकाळी माझ्याकडं बसू द्या. पहिल्या आठवड्यात चार आली, आता चौदा येतात. शाळेत मला मॅडम म्हणायची तीच पोरं इथं आज्जी म्हणतात. कुणी याला शिकवणी म्हणतं, कुणी संस्कारवर्ग. मी कोणतंच नाव दिलेलं नाही. पण हे काम अंगावर घेतल्यापासून मला एकाच गोष्टीचा शोध लागून राहिला आहे. शाळा सुटल्यापासून माय येईपर्यंतचा हा वेळ आपल्याकडं पूर्वी कुणी सांभाळला? कसा सांभाळला? आणि ज्यांनी चांगला सांभाळला, त्यांनी नेमकं काय केलं?

मला सांभाळलेलं मला आठवतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९७२च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. वावरात काडी नव्हती. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मला व धाकट्या भावाला बरोबर न्यायची. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या तांबड्या भाकरी असायच्या. कामाच्या जागेपासून जरा दूर एका बाभळीखाली सगळी लेकरं बसवलेली असत आणि त्यांच्याजवळ एक म्हातारी. तिच्यानं घण उचलत नव्हता, म्हणून तिला पोरांपाशी बसवलेलं. ती सकाळी एकेक लेकरू आलं की एक खडा उचलून ओच्यात टाकायची. संध्याकाळी ज्याची माय येऊन त्याला घेऊन जाई, त्याच्या नावचा एक खडा बाहेर. ओचा रिकामा झाल्याशिवाय ती उठत नसे. तिला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, पण तिच्या ओच्यातला एकही खडा कधी मागं राहिला नाही. एकदा भावाला ताप आला, तर तिनं त्याला दिवसभर मांडीवर घेतलं आणि बाकीच्या मोठ्या पोरींना लहानग्यांवर नेमलं. अक्षर शिकवणं तिला येत नव्हतं. तरीही आज माझ्या पडवीत काय असावं आणि काय नसावं हे ठरवताना मला आधी तीच आठवते.

पुढं ही गोष्ट कायद्यात आली. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७चा, आणि २००५च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात तर स्पष्टच होतं की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. पोरं सांभाळणं हे खडी फोडण्याइतकंच मोलाचं काम आहे, असं कागदावर लिहिलं गेलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. मात्र सहा वर्षांवरच्या, शाळेतून सुटलेल्या लेकराचं काय, हा प्रश्न तिथंही उरलाच.

त्याच्याही आधीच्या काळात शिरलं की परवचा भेटतो. दिवेलागणीला देवापुढं समई लागली की घरातल्या पोरांनी हातपाय धुऊन ओळीनं बसायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. आधी शुभंकरोती, मग श्लोक, मग तिथी-वार-नक्षत्र, मग पाढे. एक ते तीस झाले की अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. बाजारात हिशेब शेर-पायलीचा आणि रुपये-आणे-पैचा होता तोवर साडेतीनचा पाढा तोंडावर असणं रोजच्या कामाचं होतं. १९५७ साली दशमान नाणी आली, नंतर मेट्रिक मापं आली आणि औटकीचं काम संपलं. पण परवच्याचा खरा उपयोग मला गणितात वाटत नाही. दिवसाचा उजेड संपताना घरातलं प्रत्येक लेकरू एका जागी, एका आवाजात, मोठ्या माणसाच्या डोळ्यापुढं असे. एखादा आवाज कमी पडला की आजी जपमाळ थांबवून विचारी, अमका कुठं आहे? त्या पाढ्यांतून लेकरांची मोजदाद होत होती.

हा परवचा सगळ्यांच्या घरी नव्हता, हेही सांगायला हवं. तो वाड्यात होता, ओसरीवर होता, जिथं आजी घरी बसू शके आणि समईला तेल पुरे. आमच्या आळीत दिवेलागणीला मायच घरी नसायची. आमची पोरं त्या वेळी गुरं परतवत असत, नाहीतर मारुतीच्या पारावर हरिपाठ चालू असेल तर तिथं मागं बसत. हरिपाठाला कुणी हाकलत नसे. टाळ हातात मिळाला तर पोरगं तासभर बसे. माझ्या चुलत्यानं अक्षरओळख तिथंच, पोथीवर बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून करून घेतली.

आमचा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. सरकारी शाळा थोड्या आणि त्यांत बहुतेक शिक्षण उर्दूतून. सभा भरवायला परवानगी लागे. खासगी शाळा, आखाडे, वाचनालयं यांच्यावर पाळत. अशा काळात मराठवाड्यात ज्या थोड्या राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांत १९२१ची हिप्परग्याची शाळा मला या विषयात जवळची वाटते. स्वामी रामानंद तीर्थ तिथं आले आणि पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. या शाळांना घंटेनंतरचा वेळ शाळेबाहेरचा वाटत नव्हता. शिक्षक आणि पोरं एकाच आवारात राहत, एकत्र जेवत. राज्यकर्त्यांना ज्या गोष्टीची भीती वाटे, ती शिकवण्याच्या तासांत घडत नव्हती. संध्याकाळी शिक्षक मुलांबरोबर बसत, तिथं घडत होती.

त्याच काळात खानदेशात अमळनेरला एक तरुण शिक्षक प्रताप हायस्कुलात आले. पांडुरंग सदाशिव साने. त्यांच्याकडं शाळेच्या छात्रालयाचं काम आलं आणि १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत त्यांनी ते केलं. साने गुरुजींबद्दल लिहिताना लोक लगेच त्यांच्या हळवेपणाकडं वळतात. मला त्यांच्या कामाची पद्धत बघायची आहे, कारण लेकरं सांभाळणाऱ्याला तीच शिकायची असते. पोरं वर्गात गेली की ते त्यांच्या खोल्यांत जात. पसरलेल्या वळकट्या गुंडाळत, मळलेले कपडे धुऊन टाकत, केर काढत. आजारी पोराजवळ रात्र काढत. यावर ते पोरांना व्याख्यान देत नसत. पोरगं परत येई तेव्हा त्याला दिसे की आपली जागा कुणीतरी नीट करून ठेवली आहे. काही दिवसांनी पोरं स्वतःच खोली आवरून जाऊ लागली.

दुसरी गोष्ट त्यांच्या 'छात्रालय' या हस्तलिखित दैनिकाची. रोज रात्री गुरुजी स्वतःच्या हातानं ते लिहीत आणि सकाळी पोरांना वाचायला ठेवत. जगातल्या घडामोडी, थोरांच्या गोष्टी, आणि त्याबरोबर छात्रालयात काल काय झालं ते. छापखाना नाही, पगारात त्याचा भत्ता नाही. मी शिक्षिका होते, दिवसभराच्या शिकवण्यानंतर हात किती जड होतो हे मला ठाऊक आहे. ज्याला रोज रात्री काल काय झालं हे लिहायचं आहे, त्याला दिवसभर पोरांकडं नीट बघावंच लागतं. मला वाटतं या दैनिकानं जितकं पोरांना घडवलं, तितकंच गुरुजींच्या नजरेला घडवलं. पुढं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. एकेक रात्र, एकेक गोष्ट, भोवती बसलेली मुलं, असा त्या पुस्तकाचा घाट आहे. तो अमळनेरच्या संध्याकाळींतून आला असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावानं कथामाला उभी केली आणि गावोगावच्या शाळांत गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम होऊ लागले. त्याआधीच, ४ जून १९४१ला, एस. एम. जोशींच्या पुढाकारानं राष्ट्र सेवा दलाची घडी बसली होती. संध्याकाळी मैदानात शाखा, खेळ, गाणी, मुलं-मुली एकत्र. त्या शाखांतून वाढलेली माणसं पुढं महाराष्ट्रात सगळीकडं भेटतात. मी लहानपणी ते पाहिलं नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

मला ज्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे त्या दोघींनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर काम केलं. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. पण त्यांच्या कामाची मुळी रोममध्ये आहे आणि ती गोष्ट आधी सांगावी लागते.

रोमच्या सान लोरेन्झो भागात मजुरांच्या चाळी होत्या. एका कंपनीनं त्या दुरुस्त केल्या. मायबाप कामाला गेले की शाळेत जाण्याच्या वयाची नसलेली लेकरं जिन्यांवरून धावायची, नव्या भिंती खराब करायची. रोज भिंती रंगवत बसण्यापेक्षा लेकरं एका खोलीत गोळा करून सांभाळणं स्वस्त पडेल, असा हिशेब कंपनीनं केला आणि ती जबाबदारी मारिया मॉन्टेसरी नावाच्या डॉक्टर बाईंकडं दिली. ६ जानेवारी १९०७ला ती खोली उघडली. जगभर गेलेल्या मॉन्टेसरी पद्धतीचा जन्म असा झाला. भिंती वाचवायच्या होत्या आणि मायबाप कामावर होते. बाईंनी त्या खोलीत जे पाहिलं त्यावरून शिक्षणाचा विचार उभा राहिला, तरी खोलीचं मूळ काम मायबाप येईपर्यंत लेकरं सांभाळण्याचंच होतं. हे मला कळलं त्या दिवशी माझ्या पडवीकडं बघण्याची माझी दृष्टी बदलली. हे काम शिक्षणाच्या पायरीखालचं आहे, असं मी तोवर धरून चालले होते.

हाच विचार घेऊन भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. राजकोटमध्ये मोठ्या पगाराची नोकरी करणाऱ्या ताराबाई मोडक ती सोडून तिथं गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, बाहेरून आणावं लागणारं. ताराबाईंना प्रश्न पडला की एवढ्या खर्चाचं शिक्षण खेड्यात कसं जाणार. म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात अनुताई वाघ त्यांना भेटल्या. मोरगावच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या जिद्दीनं शिकलेल्या. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या आणि १९९२ साली जाईपर्यंत, सत्तेचाळीस वर्षं, त्याच कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली तर गरिबांची लेकरं येईनात. घरचं माणूस आणून सोडायला मोकळं नव्हतं, अंगावर धड कपडा नव्हता. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, त्यांच्या अंगणात. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो, १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं जो घेतला, त्याचा जन्म हा असा आहे. अंगणात गेल्यावर पहिलं काम अक्षराचं नव्हतं. लेकरांचे हात-तोंड धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, खरूज धुणं. मग शिंपले, चिंचोके, पानं, माती यांनी मोजणं आणि खेळणं. शिकवण्याचं साहित्य तिथल्याच किनाऱ्यावर आणि झाडाखाली पडलेलं होतं.

१९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली लोकांच्या मुलखात. तिथं अडचण निराळी होती. शाळेच्या वयाची पोरगी घरी धाकट्याला सांभाळत होती आणि पोरगा गुरांमागं होता. सरकारी दृष्टीनं ही गळती. ताराबाईंनी आणि अनुताईंनी पोरगी शाळेत का येत नाही हे तिच्या घरी जाऊन पाहिलं. मग शाळेला लागूनच बालवाडी आणि पाळणाघर ठेवलं. मोठी बहीण आली की कडेवरचं लेकरू पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ती वर्गात. दुपारी त्याला भूक लागली की ती उठून बघू शके. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. शिक्षक साहित्य घेऊन कुरणावर जाई. गुरं चरतील तिथं शाळा, गुरं हलली की शाळाही हलली. दिवसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

नोकरीत असताना एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं मी डहाणूच्या बाजूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून कोसबाडला जाऊन आले. टेकडीवर उभी राहिले तेव्हा एकच विचार मनात होता. या दोघींनी शाळेचं घड्याळ गुरांच्या आणि कडेवरच्या लेकरांच्या घड्याळाला लावलं. माझ्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मी लेकरांना सांगत आले की वेळेवर या. त्यांची वेळ कोणती, हे मी विचारलं नव्हतं.

शहरांतही हा धागा पुढं गेला आहे. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या लेकरांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं आणि ते काम मुंबई-पुण्यातही आलं. इमारत जिथं चढते तिथंच एका कच्च्या खोलीत तान्ही, मधली आणि शाळेतून परतलेली मोठी, सगळी भावंडं एकत्र. पुण्यात सारसबागेजवळ १९८५ साली गरवारे बालभवन निघालं, शोभा भागवत यांनी ते घडवलं. शाळा सुटल्यावर पोरांनी मोकळ्या मैदानात यायचं, माती, रंग, नाटक, खेळ, आणि शिकवणाऱ्या बाईंऐवजी ताई. तिथं परीक्षा नाही. १९८७ साली संजीवनी कुलकर्णी यांनी 'पालकनीती' मासिक सुरू केलं आणि त्या परिवारानं १९९६ पासून कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या लेकरांसाठी खेळघर चालवलं, शुभदा जोशी यांनी त्यात आयुष्य घातलं. शाळेत मागं पडलेलं पोरगं संध्याकाळी अशा ठिकाणी येतं, जिथं त्याचं ऐकून घेतलं जातं. पुण्यातल्या या कामांचं मोल मला आहेच. पण त्या बांधकामांवर आणि वस्त्यांत राहणारी कित्येक घरं आमच्याच जालना-परभणीकडून गेलेली असतात, आणि गावी राहिलेल्या त्यांच्या भावंडांना संध्याकाळी ताई नसते.

आता आमच्याकडची गोष्ट. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी मुकादमाची ट्रक-ट्रॅक्टरं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळी कारखान्यावर जाते, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, आणि गळीत संपल्यावर परतते. लेकरू बरोबर नेलं तर त्याची शाळा बुडते, आणि फडात ते मोकळं राहत नाही. धाकट्याला सांभाळतं, पाणी आणतं, वाढे गोळा करतं. यावर दोन उपाय झाले. एक साखरशाळा, कारखान्याजवळ कोप्यांच्या वस्तीत भरणारी. दुसरा हंगामी वसतिगृह. लेकरांना गावीच ठेवायचं, शाळा व्यवस्थापन समितीनं दोन वेळचं जेवण द्यायचं, रात्री आज्जी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं झोपायचं. नाव वसतिगृह असलं तरी मायबाप नसताना शाळेनंतरचा वेळ सांभाळण्याचं ते काम आहे.

मी चार हंगाम अशा वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली, फाट्यापासून पायी वीस मिनिटांवरच्या गावात. कल्पना इतकी चांगली आहे की ती ज्यांना सुचली त्यांना मी मनापासून मानते. पण तिचं घड्याळ पुष्कळदा चुकायचं. ट्रक दिवाळीनंतर आठवड्यात निघतात आणि एका वर्षी मंजुरीचा कागद डिसेंबरात आला. तोवर निम्मी लेकरं फडावर पोचली होती. उरलेल्यांसाठी चूल पेटवली.

त्यातल्या एका हंगामातली संध्याकाळ मी विसरू शकत नाही. बेचाळीस लेकरं होती. हजेरी मी जेवणाच्या आधी, सगळी खेळत असतानाच लिहून टाकली होती, कारण वाढायची घाई होती. ताटं पडली तर दुसरीतलं एक पोरगं नाही. आज्जीकडं पाठवलं, तिथं नाही. आठ वाजले. गावातली माणसं विहिरीकडं गेली, मी फाट्याकडं धावले. नऊच्या सुमारास तो मला जालन्याकडच्या अंगाला, बंद टपरीच्या फळीवर बसलेला सापडला. येणाऱ्या प्रत्येक ट्रककडं बघत होता. म्हणाला, "बाई, माही माय याच रोडानं गेली ना? मंग येईल बी याच रोडानं." तो आठ दिवस रोज संध्याकाळी तिथं येऊन बसत होता. आठ दिवस माझ्या वहीत तो हजर होता.

त्या रात्री मी त्याला घरी नेलं, जेवू घातलं, आणि तो झोपल्यावर बाभळीखालची म्हातारी मला आठवली. तिचा एक खडा म्हणजे एक लेकरू होतं. माझी वहीतली खूण म्हणजे एक ताट होतं. दुसऱ्या दिवसापासून मी हजेरी जेवण झाल्यावर, प्रत्येकाजवळ जाऊन, त्याचं तोंड बघून घेऊ लागले. त्या पोराला रोज संध्याकाळी मीच फाट्यावर नेऊ लागले. दहा मिनिटं बसायचं, ट्रक बघायचे, परत यायचं. महिनाभरानं तो म्हणाला, आता नको. गुढीपाडव्याच्या आसपास त्याची माय परत आली, त्याच रस्त्यानं.

पडवीत आता मी काय करते ते थोडं सांगते, कारण अनेक बाया विचारतात. लेकरू आलं की आधी पाणी, मग मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा चुरमुरे. उपाशी पोटी पाढा चढत नाही. हातपाय धुणं, जखम असेल तर ती बघणं. शनिवारी नखं. अभ्यास त्याला हवा असेल तर, नको असेल तर खेळ, गोष्ट, चिंचोके, माती. कडेवरचं भावंड आलं तर त्याच्यासाठी मागं झोळी बांधलेली आहे, कोसबाडच्या पाळणाघराची आठवण ठेवून. चौदाच्या पुढं मी घेत नाही. गावातल्या एका भल्या माणसानं म्हटलं, बाई, पन्नास घ्या, मी पत्रे टाकून देतो. मी नाही म्हटलं. पन्नास लेकरांची तोंडं मला रोज बघता येणार नाहीत. दुसरी एखादी बाई तिच्या ओसरीवर चौदा घेईल, तर मी तिला सतरंजी देईन. रस्ता ओलांडताना एकही लेकरू एकटं जात नाही. मायनं दारात यायचं, नाहीतर मी पलीकडं सोडायचं.

आणि एक वही आहे. साने गुरुजींसारखं दैनिक लिहिण्याचं माझं सामर्थ्य नाही, पण रात्री चार-पाच ओळी लिहिते. कोण गप्प होतं, कुणाच्या पायात काटा मोडला, कुणाच्या घरी भांडण झालं म्हणून ते उशिरापर्यंत जायला तयार नव्हतं. एका पोरीबद्दल लागोपाठ सहा दिवस 'फळ्यासमोर डोळे बारीक करते' असं लिहिलेलं मला सातव्या दिवशी दिसलं. तिला सेलूला नेऊन डोळे तपासून घेतले. आता तिला चष्मा आहे. हे तिच्या वर्गात दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि लिहिलं नसतं तर माझ्याही आलं नसतं.

गेल्या आठवड्यात वेचणीचा जोर होता. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाया अंधार पडेपर्यंत पऱ्हाटीतून हलत नाहीत. सात वाजता तेरा लेकरं गेली. तिसरीतली एक पोरगी आणि झोळीत झोपलेला तिचा भाऊ राहिला. तो मोजणीत नसतो, म्हणून चौदावी तीच. साडेसात झाले. लाइट गेली. मी कंदील लावला, ती माझ्याजवळ सरकली आणि विचारू लागली, माय आली का? मी म्हटलं, येईल, टमटम अडकलं असेल. मग आम्ही दोघी कंदिलाशी तुरीतले खडे निवडत बसलो. तिनं सुपात खडे वेगळे काढले आणि आपणहून सातचा पाढा म्हणायला लागली, हळू आवाजात, भाऊ उठू नये म्हणून.

पावणेआठला माय आली. केसांत सरकीचे पुंजके, हाताला बोंडांचे ओरखडे. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "लई उशीर झाला बाई. लेकरानं तरास दिला का?" मी भावाला झोळीतून उचलून तिच्या खांद्यावर दिलं. बॅटरी घेऊन तिघांना रस्त्याच्या पलीकडं नेलं. जालन्याकडून एक ट्रक येत होता, तो जाईपर्यंत थांबलो. परत येऊन वही उघडली आणि लिहिलं: आले चौदा, गेले चौदा.